चार फूट

झोंबाच्या शाळेमागचं मैदान लाल मातीचं,
रेघा चुलीतल्या राखेच्या,
दुपारच्या वाऱ्याने अर्ध्या पुसलेल्या.
सरावाचाच सामना. बघायला तीन शेळ्या
आणि कणसं भाजणारी एक म्हातारी.

नेटबॉलमध्ये
चेंडू हातात आला की थांबायचं.
धाव कितीही भरात असो,
पाय टेकला तिथे सगळं अंग रोवायचं.
उरलेल्या वेगाचं काय करायचं
हे नियमांच्या पुस्तकात नाही.
तो घोट्यात जातो.

तियामिके उडाली, उंच,
कोपरं बाहेर, बोटं फाकलेली.
ती वर असताना मी सरकले,
अर्धं पाऊल.
बचाव म्हणतात त्याला, वर्षभर तोच शिकले होते.
ती उतरली ती मातीवर नाही,
माझ्या बुटाच्या कडेवर.

काडी मोडल्यासारखा आवाज येतो म्हणतात.
मला आला तो ओली सुतळी तुटल्यासारखा,
तोही कानांना नाही,
माझ्या तळव्याला.

ती दोन पावलं भेलकांडली
आणि पंचांची शिट्टी वाजली.
चेंडू हातात असताना चालली म्हणून.
चेंडू मला दिला.
आणि मी तो घेतला.
घेतला, वळले, फेकलासुद्धा,
तेव्हा कुठे ती मागे बसलेली दिसली,
घोटा दोन्ही हातांनी धरून,
कुणी पळवून नेईल तसा.

संध्याकाळपर्यंत घोट्याचं हाड दिसेना.
रात्री बोटांपर्यंत जांभळं उतरलं,
मग कडेने हिरवट,
मग पिकल्या आंब्याच्या डागासारखं पिवळं.

सरकारी इस्पितळातल्या लुसुंगूने
साखरेच्या कागदी पिशवीवर तीन रेघा ओढल्या:
ही पुढची, गेली.
ही मधली, अर्धी.
मागची शाबूत आहे, देवाचे आभार माना.
हाड जुळलं की जुळलं, तो म्हणाला,
अस्थिबंधाचं तसं नाही. तो जुळतो
आणि थोडा सैल राहतो,
तारेवरच्या दोरीसारखा, जिच्यावर एकदा
ओली गोधडी वाळत घातली.

आमच्याकडे रस्त्यात अनोळखी माणसाला ठेच लागली
तरी आपण म्हणतो, पेपानी.
दगड आपण ठेवलेला नसतो, तरी.
मीही म्हणाले. मैदानात, इस्पितळात, तिच्या दारात.
पेपानी, तियामिके.
तिची आई म्हणाली, पेपानी. शेजारीण म्हणाली.
कणसंवाली म्हातारी दोनदा.
इतक्या सगळ्यांच्या एकाच शब्दात
माझा वेगळा कसा ओळखू यावा?

मग व्यायाम.
घडी घातलेल्या चितेंजेवर, एका पायावर,
डोळे मिटून, तीस आकडे.
घोटा विसरलाय आपण कुठे आहोत ते,
लुसुंगू म्हणायचा, त्याला रोज सांगावं लागतं.
मी तिचं कोपर धरायचे.
सात. आठ.
घोटा थरथरायचा, पाण्यावरच्या पडावासारखा,
आणि ती कलायची माझ्याच बाजूला.
पांगोनो, पांगोनो, म्हणायची, हळूहळू,
पायाला की मला, विचारलं नाही.

पाय काढता घेऊ नये, अशी शिकवण मिळते माणसाला.
एकदाच घ्यायला हवा होता.

बाराव्या आठवड्यात ती परतली,
पट्टी बांधून, नव्या नाड्या.
पळते तशीच. वळतेही, दोन्ही बाजूंना.
लुसुंगूने कागदावर शिक्का मारला.
पण चेंडू वर जातो
तेव्हा ती आधी खाली बघते,
पापणी लवेल इतकंच,
माझे पाय कुठे आहेत ते.
तेवढ्यात चेंडू निघून जातो.
या चुकीला शिट्टी नाही.

नियम तीन फुटांचा आहे.
मी चार सोडते.
बाई कडेवरून ओरडतात, जवळ जा, जवळ!
मी ऐकू न आल्यासारखं करते,
आणि उभी राहते
बूट दोन्ही, तिला दिसतील असे,
राखेच्या रेघेमागे.